मालेगावचं पुस्तक मालेगावला गेलं



या आठवड्याच्या टपालात नेहमीप्रमाणे कोड्यांची उत्तरं होती, दोन कविता होत्या (त्यातल्या एकीत पाऊस आणि हौस हे यमक पाच वेळा आलंय, कविराज, जरा दमानं!) आणि एक जाडजूड पाकीट होतं. आत वहीचे तीन कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. सगळ्यात वर पेनानं दोनदा गिरवून लिहिलं होतं, ‘काका, माझं नाव छापू नका. बाबांना अजून माहीत नाही.’

म्हणून नाव सांगत नाही. एवढंच सांगतो की ही मुलगी यंदा दहावीत गेली आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात एका खेड्यात राहते. मालेगाव हा शब्द ध्यानात ठेवा हं, सगळी गडबड तिथंच आहे.

तिच्या बाबांचा वाढदिवस १ जूनला असतो. तुमच्याही घरात कोणाचा तरी १ जूनला असणारच! पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी सरळ १ जून लिहून मोकळे व्हायचे. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! तर या बाबांनी सातवीनंतर शाळा सोडली. सातवीत त्यांना निबंधाचं बक्षीस म्हणून एक गोष्टीचं पुस्तक मिळालं होतं. आतल्या पानावर शाळेचा शिक्का आणि खाली ‘जि. अकोला’, कारण तेव्हा वाशीम जिल्हा झालाच नव्हता, तो झाला १ जुलै १९९८ला. ते पुस्तक त्यांनी किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही. पुढे एका पावसाळ्यात घर गळलं, पेटी भिजली आणि पुस्तकाचा लगदा झाला. बाबा त्यातली गोष्ट अजून सांगतात, पण शेवट दर वेळी थोडा वेगळा सांगतात. खरा शेवट कोणता, हे लेकीला हवं होतं. आणि १ जूनला बाबांच्या हातात तेच पुस्तक ठेवायचं होतं.

पैशांसाठी तिनं काय केलं? फेब्रुवारी-मार्चमध्ये रविवारी शेजारच्या वावरात हळद वेचायला गेली. आमच्या भागात हळद किती लावतात हे वाशीम-हिंगोलीकडच्या मुलांना सांगायला नको. हातांचा पिवळा रंग आठवडाभर जात नाही, शाळेत मुली विचारतात, ‘तुझं लग्न ठरलं काय गं?’ असं करत तिनं साडेचारशे रुपये जमवले.

मग वाशीमला शिकणाऱ्या आतेभावाचा मोबाइल घेऊन दोघांनी पुस्तक शोधलं. नाव मराठीत टाकलं तर काहीच नाही. इंग्रजी अक्षरांत टाकलं तर चप्पल, पाण्याची बाटली आणि इंग्रजी रहस्यकथा. चौथ्या-पाचव्या स्पेलिंगला पुस्तक सापडलं, तेही दोन ठिकाणी. एकाची किंमत ३,९९९ रुपये! दुसऱ्याची २१०. अर्थातच २१०चं मागवलं.

पुढचं तिच्याच शब्दांत वाचा.

‘काका, मेसेज आला की तुमचं पार्सल मालेगावला पोचलं. मी नाचलेच. दुसऱ्या दिवशी ॲटोनं मालेगावला गेले. कुठं विचारावं कळेना. दोन दुकानांत विचारलं, एस. टी. स्टँडवर विचारलं. कोणाकडेच नाही. परत आले तर मेसेज, ग्राहक घरी नव्हता! मी तर तिथंच होते की. मग दादानं नीट पाहिलं. पार्सल मालेगावलाच होतं. नाशिक जिल्ह्यातल्या!’

वा रे वा! पत्ता भरताना दादानं यादीतलं पहिलं मालेगाव निवडलं आणि पिनकोड आपोआप ४२३२०३ असा आला. आपल्या मालेगावचा आहे ४४४५०३. पार्सल परत फिरलं, पुन्हा निघालं आणि ३ जूनला गावात पोचलं. वाढदिवस होऊन गेला होता. तिनं गोठ्यात जाऊन, कोणी बघत नाही असं पाहून पार्सल फोडलं. पुस्तकाचं नाव बरोबर होतं. पण आत प्रेमकविता!

नाव तेच, लेखक निराळा, पुस्तकच निराळं. परत करायला गेली तर उत्तर आलं की या पिनकोडवरून माल परत नेण्याची सोय नाही, आपल्या खर्चानं पाठवा. पाठवायचा खर्च पुस्तकाच्या निम्मा. वर आणखी तासाभरानं दुसरा मेसेज, ‘तुम्हाला ही वस्तू कशी वाटली? तारे द्या!’

पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, ‘दुकानदार समोर असता तर मी भांडले असते. इथं भांडायचं कोणाशी?’

मला वाटतं, भांडायच्या आधी हे सगळं घडलं कसं ते पाहू. कारण यातली अर्धी गंमत अशी आहे की कोणी एक माणूस चुकलाच नाही आणि तरी सगळं चुकलं.

आधी दोन मालेगावांचं. आपल्याकडे एकाच नावाची गावं किती! कारंजा आपल्या जिल्ह्यात आहे, तसंच वर्धा जिल्ह्यातही आहे. म्हणून आपल्याला कारंजा (लाड) म्हणावं लागतं आणि त्यांना कारंजा (घाडगे). पूर्वी टपाल खात्यात या सारख्या नावांनी आणि हजार प्रकारच्या अक्षरांनी नुसता गोंधळ व्हायचा. त्यावर उपाय काढला एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पुढचे दोन आकडे तो विभाग आणखी बारीक करत नेतात, आणि शेवटचे तीन थेट तुमच्या टपाल कार्यालयाचं नाव घेतात. म्हणजे अक्षर कितीही गिचमीड असो, ४४४ दिसलं की पत्र आपल्या वऱ्हाडाकडे वळणार आणि ४२३ दिसलं की नाशिककडे. मालेगाव आणि मालेगाव यांची गल्लत होऊ नये म्हणूनच तर हे आकडे जन्माला आले. पण आकडे माणसानं लिहायचे सोडून यंत्रानं भरले, आणि माणसानं ते वाचलेच नाहीत. दादा, कान पकड!

आता ‘ग्राहक घरी नव्हता’ हे. आमच्या गल्लीत एक तरुण मुलगा मोटारसायकलवर पार्सलं वाटतो. पाठीवर ही एवढी मोठी पिशवी, पाहिली असेल तुम्ही. त्याला मी हे पत्र वाचून दाखवलं. तो हसला, मग जरा गप्प झाला. म्हणाला, “काका, मले एका पार्सलमागे मोजके पैसे भेटते. पेट्रोल माह्यं. एका खेड्यात एकच पार्सल असलं का जाऊन-येऊन पदरचे पैसे जाते. फोन लावला अन् लागला नाही, तर दुसरं कोणतं बटन दाबू? ‘रस्ता खराब आहे’ असं बटनच नाही त्यात.” खोटं बटण दाबणं वाईटच. पण मागच्या पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून मोटारसायकल ढकलत त्यानं एका आजीबाईंची औषधं पोचवली होती, हेही मला माहीत आहे. तेव्हा त्याला मी बोललो नाही. चहा दिला.

तिसरी भानगड नावाची. आपली मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची एकच पद्धत नाही. ज्ञानेश्वर हे नाव पाच मित्रांना इंग्रजीत लिहायला सांगा. कोणी डीएनवायनं सुरू करील, कोणी जेएननं, उत्तरेकडचा असेल तर जीवायनं. दुकानात ज्यानं पुस्तकाची नोंद केली त्यानं एक स्पेलिंग वापरलं आणि तुम्ही दुसरं, की पुस्तक असून नसल्यासारखं! मग मराठीतच शोधावं म्हटलं तर तिथंही खाचखळगे. सगळ्या भाषांची अक्षरं संगणकात एकाच रीतीनं साठवण्याची युनिकोड नावाची पद्धत १९९१ साली आली, पण आपल्याकडची छपाई पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या जुन्या फॉन्टांत होत राहिली. त्या फॉन्टांत ‘क’ दिसायला ‘क’च, पण संगणकाच्या पोटात तो भलतंच इंग्रजी चिन्ह म्हणून बसलेला. शोधायला गेलं तर सापडणार कसा?

यावर खरा उपाय आहे. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर काळ्या रेघांजवळ आयएसबीएन असा एक लांबलचक आकडा असतो. तो पुस्तकाचा पिनकोडच समजा. नाव सारखं असलं तरी हा आकडा दोन पुस्तकांना कधीच सारखा नसतो. २००७पासून तो तेरा आकडी झाला. आता घरातलं एखादं नवं पुस्तक घ्या आणि हा खेळ करा. पहिला आकडा तसाच, दुसऱ्याला तिनानं गुणा, तिसरा तसाच, चौथ्याला तिनानं गुणा, असं शेवटपर्यंत करत जा आणि सगळं मिळवा. बेरजेला दहानं नि:शेष भाग गेलाच पाहिजे. नाही गेला तर एक तर तुमचा गुणाकार चुकला किंवा छापणाऱ्याचा आकडा! (पहिलीच शक्यता जास्त.) आपल्या मैत्रिणीच्या बाबांचं पुस्तक मात्र जुनं, त्यावर असा आकडाच नव्हता. नुसत्या नावावर मागवलं की तीच गत.

आणि ते ३,९९९ रुपये? मूळ पुस्तकाची किंमत वीस-पंचवीस रुपये असेल. मग हा आकडा कोणत्या माणसानं ठरवला? बहुतेक कोणीच नाही. एक खरी घडलेली गोष्ट सांगतो.

२०११च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझन यांच्या प्रयोगशाळेत एकाला एक पुस्तक हवं होतं. माशी अंड्यातून कशी घडत जाते यावरचं, पीटर लॉरेन्स यांचं. अमेझॉनवर पाहिलं तर नव्या प्रतीची किंमत सतरा लाख डॉलरच्या वर! दुसऱ्या दुकानदाराकडे तीच प्रत जवळजवळ बावीस लाखांना. आयझन रोज आकडे टिपू लागले, आणि त्यांना गणित सापडलं. पहिल्या दुकानदाराचा संगणक रोज दुसऱ्याची किंमत पाहायचा आणि तिला ०.९९८३नं गुणायचा, म्हणजे किंचित स्वस्त. दुसऱ्याचा संगणक पहिल्याची किंमत पाहून तिला १.२७०५८९नं गुणायचा. या दुसऱ्याकडे पुस्तकच नसावं, गिऱ्हाईक आलं की पहिल्याकडून घेऊन नफ्यानं विकायचं, असा त्याचा बेत असावा, असा आयझन यांचा तर्क. दोन्ही संगणक इमानेइतबारे गुणाकार करत राहिले. १८ एप्रिलला किंमत २ कोटी ३६ लाख ९८ हजार ६५५ डॉलर आणि ९३ सेंट झाली, तेव्हा कुठं माणसाचं लक्ष गेलं.

वहीत करून पाहा. एका फेरीत किंमत सुमारे १.२६८ पट होते. शंभर रुपयांपासून सुरुवात केली तर दहाव्या फेरीला हजाराच्या पुढे. विसाव्या फेरीला? करा आणि कळवा. चक्रवाढ व्याज शिकवताना गुरुजी जे सांगतात ते हेच की.

आता तुम्ही म्हणाल, काका, तुमच्या वेळी सगळं छानच असेल! नव्हतं हो. मी पुस्तकं मागवायचो ती व्ही. पी.नं. प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचं, मग वाट पाहायची. वाशीमला तेव्हा अकोल्याकडून छोटी मीटरगेज गाडी यायची आणि माझी अशी समजूत होती की सगळी पुस्तकं तिच्यातूनच येतात. पोस्टमन पार्सल घेऊन दारात येणार, पैसे मोजल्याशिवाय देणार नाही. ही पद्धत आपल्या देशात १८७७पासून होती. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून जिचं कौतुक करतात ती हीच, बाई जुनी, लुगडं नवं. एकदा पैसे मोजून सोडलं तर शेतीच्या पंचांगाचे दोन अंक निघाले. वडिलांनी आनंदानं वापरले आणि मला नवं पुस्तक मागवायला पुन्हा पैसे दिले नाहीत. तेव्हा तक्रार केली ती पुन्हा पोस्टकार्डावर. उत्तर दीड महिन्यानं आलं, पण सही असलेलं आलं. मैत्रिणीचं म्हणणं हेच आहे, की सही करणारा माणूस कुठं गेला?

आणि पुस्तक पाठवणाऱ्यांची बाजूही पाहा. छोटे प्रकाशक पुस्तकं पाठवायचे ती टपालाच्या रजिस्टर्ड बुक पोस्टानं, कारण ते स्वस्त होतं. डिसेंबर २०२४मध्ये ती सेवा एकाएकी बंद झाली आणि तोच गठ्ठा पाठवायला दुप्पट-तिप्पट पैसे पडू लागले. बराच आरडाओरडा झाला. मग १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा निघाली. सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा दर होता. रस्त्यानं जाते, म्हणून हळू जाते, पण खेड्यातल्या टपाल कार्यालयापर्यंत जाते. शाळेसाठी पुस्तकं मागवताना प्रकाशकाला सरळ विचारा, ज्ञान पोस्टानं पाठवाल का म्हणून.

आता भांडायचं कोणाशी. आईबाबांनी हे जरा नीट वाचावं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली वेगळे नियम झाले. त्या नियमांप्रमाणे अशा दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्याच्या आत निकाली काढायची. भलतीच वस्तू आली असेल तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ते नाव अगदी खाली, बारीक अक्षरांत असतं, पण असतं. तिथं दाद लागली नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी आमच्या मैत्रिणीला हे कळवलं. तिनं तक्रार स्वतः लिहिली, मराठीत, तारखांसकट, दोन्ही पुठ्ठ्यांचे फोटो जोडून. निबंधाचं बक्षीस घराण्यातच आहे म्हणा! नऊ दिवसांनी २१० रुपये दादाच्या खात्यात आले. प्रेमकविता परत न्यायला कोणी आलं नाही. त्या आता दादाकडे आहेत.

पण पुस्तक? बाबांचं पुस्तक राहिलंच की.

मी पुण्याला प्रकाशकांना फोन लावला. त्यांच्याकडे प्रत नाही, नवी आवृत्ती काढण्याएवढी मागणी नाही. मग मनात आलं, एकेकाळी पुस्तकासाठी माणसं आपल्या जिल्ह्यात येत. कारंज्याच्या जैन मंदिरांत शेकडो वर्षं जपलेल्या हस्तलिखित पोथ्या आहेत. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश भाषेतली काव्यं तिथल्या पोथ्यांवरून अभ्यासून विद्वानांनी प्रसिद्ध केली. ‘जसहरचरिउ’ १९३१मध्ये प. ल. वैद्यांनी, ‘णायकुमारचरिउ’ १९३३मध्ये हीरालाल जैन यांनी, दोन्ही कारंज्याच्याच ग्रंथमालेत. कोणी तरी कापडात बांधून ठेवली म्हणून ती मिळाली. मग आपलं तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक कोणी तरी ठेवलं असेलच ना?

जिल्ह्यातल्या ओळखीच्या वाचनालयांत विचारत गेलो. तिसऱ्या ठिकाणी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “थांबा, मागच्या कपाटात बघते.” कपाटाची किल्ली सापडायला अर्धा तास लागला. पुस्तक होतं! पुठ्ठा सुटलेला, शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी, त्यावर शेवटची तारीख २००३ची. विकत देता येत नाही, बरोबरच आहे. पण अनामत ठेवून पंधरा दिवसांसाठी दिलं. ते मी आमच्या गल्लीतल्या त्या पार्सलवाल्या मुलाच्या हाती पाठवलं. त्यानं पैसे घेतले नाहीत आणि बटणही दाबलं नाही.

काल तिचं दुसरं पत्र आलं. रात्री जेवणं झाल्यावर ती मोठ्यानं वाचते, आई भांडी घासता घासता ऐकते. पहिल्या दिवशी बाबांनी पुस्तक हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, “हे थेच आहे व पोरी. पन माह्यावाल्यात ह्या पानावर शाईचा डाग होता.”

शेवट अजून आलेला नाही. तिनं पुढची पानं उलटून पाहिलेली नाहीत, बाबांनी तशी शपथ घातली आहे. चाळीस पानं राहिलीत, पुस्तक येत्या सोमवारी परत करायचंय आणि पाऊस पडला की पेरणी. मुदत वाढवून मागायला तिनं ग्रंथपाल बाईंना पोस्टकार्ड टाकलंय. पिनकोड दोनदा तपासून.

तुमचा,
काका